विजेच्या बसचा पल्ला : कागदावरचा आणि रस्त्यावरचा

‘एकदा बॅटरी भरली की बस 200 किलोमीटर धावते.’ विजेवर चालणाऱ्या शहरी बसविषयीचे हे वाक्य बातम्यांत, भाषणांत आणि कंपन्यांच्या पत्रकांत इतक्या वेळा येते की ते ऐकून कोणी थबकत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र थबकायला हवे. पाणी 100 अंशांना उकळते असे सांगताना आपण हवेच्या दाबाची अट घालतो. मग इथे अटी कुठे गेल्या? बसमध्ये माणसे किती होती? बाहेर ऊन होते की थंडी? बस किती वेळा थांबली? बॅटरी अगदी रिकामी होईपर्यंत चालवली की थोडी राखून? आणि ती बॅटरी नवी होती की सहा वर्षे वापरलेली?

सोलापूरच्या दृष्टीने हे प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातले नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने 16 ऑगस्ट 2023 रोजी ‘पीएम ई-बस सेवा’ ही योजना मंजूर केली. शहरांना मिळून 10,000 विजेच्या बस पुरवायच्या, असा तिचा आवाका. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या सोलापूरसाठी या योजनेत 100 बस ठरल्या. बस नसली की शाळकरी मुले शेअर रिक्षात कशी कोंबली जातात, हे या शहरातल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको. म्हणून हा 100 चा आकडा रस्त्यावर उतरल्यावर किती राहील, हे शोधण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात केला आहे.

सोलापूरला असा अनुभव एकदा येऊन गेला आहे. गेल्या दशकाच्या मध्याला जेएनएनयूआरएम या केंद्रीय योजनेतून महापालिकेच्या परिवहन उपक्रमाला नव्या कोऱ्या डिझेल बस मिळाल्या. थोड्याच काळात त्यांतल्या बऱ्याच बसच्या चासीला, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्याला, तडे गेल्याचे आढळले. बस आगारात उभ्या राहिल्या आणि महापालिका व पुरवठादार यांच्यातला वाद लवादापर्यंत गेला. चूक कोणाची हा निवाड्याचा भाग. आम्ही त्यात शिरत नाही. पण वाद चालू असताना बस कोणाच्या नावावर होत्या? महापालिकेच्या. विकत घेतलेली वस्तू बिघडली की तिचा भार घेणाऱ्याच्या गळ्यात राहतो.

पोलादाला तडा कसा जातो, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. कागदाला लावायची तारेची क्लिप घ्या. ओढून ती तुटत नाही, एकदा वाकवून तुटत नाही; पण तीच मागेपुढे पंधरावीस वेळा वाकवली की कट्कन तुटते. भार तोडण्याइतका नसला तरी तो पुन्हा पुन्हा येत राहिला तर धातू थकतो. खड्ड्यांतून रोज दीडदोनशे किलोमीटर जाणाऱ्या बसच्या सांगाड्यावर असे लाखो हेलकावे बसतात. विजेच्या बसला इंजिन, क्लच आणि डिझेलची टाकी नसते हे खरे, पण त्यांच्या जागी दीडदोन टनांची बॅटरी येते. तेव्हा ‘विजेची बस, म्हणजे बिघाडाला जागाच नाही’ असे म्हणणाऱ्याला ही क्लिप जरूर दाखवावी.

आता पल्ल्याकडे येऊ. हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना पूर्ण पेलतो. त्यासाठी वीजबिलावरचे युनिटच वापरू. एक युनिट म्हणजे 1,000 वॅटचे उपकरण तासभर चालवायला लागणारी ऊर्जा, म्हणजेच 36 लाख ज्यूल.

समजा, प्रवाशांसह आपल्या बसचे वस्तुमान 14 टन आहे. टायर रस्त्यावर घरंगळताना होणारा रोध वजनाच्या साधारण एक टक्का धरू. वजन झाले 1,37,200 न्यूटन, म्हणून रोध 1,372 न्यूटन. एक किलोमीटर जायला 13 लाख 72 हजार ज्यूल, म्हणजे 0.38 युनिट लागले. शहरातल्या वेगाला हवेचा रोध किरकोळ असतो, तो सोडून देऊ.

पण शहरातली बस सरळ धावत नाही. ताशी 40 किलोमीटर वेग घ्यायचा आणि थांब्यावर किंवा सिग्नलला तो शून्यावर आणायचा. 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर. वेगाच्या वर्गाला वस्तुमानाने गुणून निम्मे केले की गतिज ऊर्जा येते सुमारे 8 लाख 64 हजार ज्यूल, म्हणजे 0.24 युनिट. किलोमीटरमागे दोन थांबे धरले तर 0.48 युनिट. डिझेलच्या बसमध्ये ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. विजेच्या बसमध्ये वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत येते. निम्मी परत आली असे मानू. उरली 0.24. दोन्ही मिळून 0.62 युनिट झाले. मोटर आणि तिची नियंत्रक यंत्रणा यांतली गळती धरली, म्हणजे शंभर युनिट घालून पंच्याऐंशीच कामी आले असे मानले, तर बॅटरीतून जातात किलोमीटरला 0.73 युनिट.

बॅटरी 200 युनिटची आहे असे धरू. बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असते, शिवाय रस्त्यात अडकण्याची भीती असते. म्हणून 80 टक्केच वापरायची, म्हणजे 160 युनिट. 160 भागिले 0.73 म्हणजे 219 किलोमीटर. पत्रकातला आकडा खरा ठरला!

फक्त हिशेबात मे महिना आलेला नाही. पारा 43-44 अंशांवर जाणे सोलापूरकरांना नवे नाही. अशा दुपारी दार वारंवार उघडणारी भरलेली बस थंड ठेवायला वातानुकूलन यंत्र सरासरी 8 किलोवॅट घेते असे समजू. हे यंत्र किलोमीटर मोजत नाही, घड्याळ मोजते. बस गर्दीतून ताशी 15 किलोमीटरने जात असेल तर एक किलोमीटरला चार मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते 0.53 युनिट खाते. बस चालवायला 0.73 आणि गार ठेवायला 0.53, एकूण 1.26. आता 160 भागिले 1.26 करा : 127 किलोमीटर.

तीच बस, तीच बॅटरी, तोच चालक, आणि पल्ला 219 वरून 127 वर. रस्ता मोकळा होऊन वेग ताशी 30 झाला तर वातानुकूलनाचा वाटा निम्मा होतो आणि पल्ला 160 च्या घरात जातो. म्हणजे सात रस्ता किंवा नवी पेठ भागातली वाहतुकीची कोंडी सोडवणे हासुद्धा बॅटरी वाढवण्याचाच एक मार्ग आहे, आणि तो बराच स्वस्त पडावा.

आमचे आकडे ढोबळ आहेत. मुलांनी ते बदलून पाहावेत : उभे प्रवासी वाढवावेत, थांबे कमी करावेत, वातानुकूलन बंद करावे. कोणत्या आकड्याने उत्तर किती हलते हे पाहणे हाच खरा धडा.

ही केवळ वर्गातली कसरत नाही. याच फरकावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. मुंबईच्या बेस्टने फेब्रुवारी 2022 मध्ये 1,400 विजेच्या एकमजली बससाठी निविदा काढली. अट अशी होती की, बॅटरीच्या 80 टक्के भारात, एका चार्जिंगमध्ये, प्रत्यक्ष परिस्थितीत बस 200 किलोमीटर धावली पाहिजे. टाटा मोटर्सने पल्ला सांगितला तो एआयएस-040 या मानकाच्या चाचणीतला, म्हणजे ठरवून दिलेल्या स्थितीतला. बेस्टने त्यांची निविदा तांत्रिक निकषावर बाद केली आणि काम एव्ही ट्रान्स या कंपनीला दिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने टाटांना बाद करणे योग्य ठरवले, पण एव्हीची निवडही रद्द केली. शेवटी 19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांची अपात्रता कायम ठेवली आणि एव्हीची निवड पुन्हा ग्राह्य धरली.

कायद्याचे बारकावे बाजूला ठेवू. शिक्षकाच्या नजरेला इथे दिसतो तो ‘प्रत्यक्ष परिस्थितीत’ या दोन शब्दांचा भार. चाचणीतला पल्ला खोटा नसतो. दोन बसची तुलना करायची तर दोघींना सारखीच परीक्षा द्यावी लागते, आणि त्यासाठी मानक हवेच. पण परीक्षेतले गुण म्हणजे नोकरीतले काम नव्हे, हे आपल्याहून कोणाला चांगले ठाऊक असणार?

पण अट नेमकी लिहिली म्हणून बस वेळेवर येते असेही नाही. बेस्टला त्या करारातल्या बसचा पुरवठा ठरल्यापेक्षा फार मागे पडला. एसटी महामंडळाने याच कंपनीशी 5,150 विजेच्या बससाठी करार केला होता. तिथेही वेळापत्रक इतके कोलमडले की मे 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी तो करार रद्द करण्याचे आदेश दिले. एकाच वेळी अनेक राज्ये हजारोंनी बस मागतात, बस बांधणारे कारखाने मोजके आणि बॅटरीचे मूळ घट मोठ्या प्रमाणावर परदेशातून येतात. अशा बाजारात 100 बस मागणाऱ्या शहराचा क्रमांक रांगेत कुठे लागेल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

पल्ल्याच्या हिशेबात आणखी एक गोष्ट राहिली : वय. लिथियमच्या बॅटरीत दोन प्रकारे झीज होते. एक भरण्या-रिकामे करण्याने आणि दुसरी नुसत्या काळाने. दुसरी रासायनिक क्रिया आहे आणि तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होतात, हे आपण शिकवतोच. दहा अंशांना क्रियेचा वेग साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम इथेही अंदाजापुरता चालतो. म्हणून चांगल्या बसमध्ये बॅटरीभोवती थंड द्रव फिरवतात. त्यालाही वीज लागते, ती त्याच बॅटरीतून. धारणशक्ती मूळच्या 80 टक्क्यांवर आली की बॅटरी वाहनासाठी निवृत्त झाली असे बहुतेक ठिकाणी धरतात. निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात आपल्या 200 युनिटच्या बॅटरीत 160 युनिट मावतील, त्यांतले 128 वापरता येतील आणि बस धावेल 102 किलोमीटर. दहा-बारा वर्षांच्या करारात बॅटरी केव्हा आणि कोणाच्या पैशाने बदलायची, हे वाक्य म्हणूनच बसच्या रंगापेक्षा आणि पायरीच्या उंचीपेक्षा आधी वाचावे.

मग दिवसाला 200 किलोमीटर कसे गाठायचे? ताशी 15 च्या वेगाने त्याला तेरा तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणजे सकाळी सहाला निघालेली बस संध्याकाळी सातनंतर मोकळी होणार. मधे दुपारी तासभर चार्जिंगला उभी करावी लागेल, किंवा मोठी बॅटरी घ्यावी लागेल. मोठी बॅटरी महाग आणि जड. जड म्हणजे पुन्हा टायरचा रोध जास्त. दुपारी उभी करावी तर नेमकी शाळा सुटायची वेळ साधता कामा नये. वेळापत्रक लिहिणाऱ्या कारकुनाचा यंत्रज्ञाइतकाच मान इथे ठेवावा लागतो.

विजेचा प्रश्न लोक समजतात त्याहून वेगळा आहे. सोलापूर जिल्ह्यात एनटीपीसीचे 1,320 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी 31 डिसेंबर 2013 रोजी सुरू झाली तेव्हा दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले, हा मानही सोलापूरचाच. (भूगोलाच्या तासाला हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.) 100 बसमध्ये रात्रीतून प्रत्येकी 160 युनिट भरायचे तर 16,000 युनिट लागतील. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या 160 घरांचे महिन्याभराचे बिल एका रात्रीत! हे सहा तासांत भरायचे म्हणजे गळतीसह जवळजवळ 3 मेगावॅट. औष्णिक केंद्राच्या मानाने हा चिल्लर खुर्दा आहे. अडचण येते ती शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत : आगारापर्यंत स्वतंत्र उच्चदाब वाहिनी, रोहित्र आणि चार्जर. बस आली आणि वाहिनी आली नाही तर बस उभी. वाहिनी आली आणि बस आली नाही तर चार्जर धूळ खातो. केंद्राच्या योजनेत आगाराच्या वीजव्यवस्थेसाठी वेगळा पैसा ठेवला आहे तो याचसाठी. वळवाच्या वादळात रात्री तीन तास वीज गेली तर सकाळच्या पहिल्या पाळीचे काय, हे विचारायला मात्र कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

आता बिघाडांकडे पाहू. बससेवेत दर 10,000 किलोमीटरला किती बिघाड झाले हे मोजण्याची पद्धत आहे. समजा हे प्रमाण एक आहे. ऐकायला उत्तम वाटते. 100 बस रोज 200 किलोमीटर धावल्या की एका दिवसाचे 20,000 किलोमीटर होतात. म्हणजे रोज दोन बस कुठेतरी रस्त्यात थांबणार. विजेच्या बसमध्ये तेल, क्लच, गिअर यांचे दुखणे जाते. त्यांच्या जागी नियंत्रक, चार्जरशी न जुळणारी जोडणी, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर आणि संगणकप्रणाली येतात. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे जुने मिस्त्री आपल्या आगारांत आहेत; ही बस त्यांच्याशी बोलत नाही. दोष शोधायला कंपनीचा माणूस आणि कंपनीचा संगणक लागतो, आणि तो माणूस पुण्याहून येणार असेल तर बस दोन दिवस उभी राहते.

चालकाचीही गोष्ट अशीच आहे. विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ देते. पेडलवर पाय जोरात पडला तर बस झेपावते. क्लचच्या सवयीच्या माणसाला ही बस नव्याने शिकावी लागते. 9 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत कुर्ला येथे बेस्टच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने अनेकांचे जीव घेतले, तेव्हा चालकाला अशा बसचे किती प्रशिक्षण मिळाले होते हाच प्रश्न पुढे आला.

राहिला पैसा. नव्या योजनेत महापालिका बस विकत घेत नाही. कंपनी बस आणते, सांभाळते, चालवते आणि धावलेल्या किलोमीटरांचे पैसे घेते. तडे गेलेल्या सांगाड्यांची आठवण असलेल्या शहराला हे आवडावे, कारण उभ्या बसचा तोटा आता कंपनीचा. केंद्र 12 मीटरच्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये, 9 मीटरच्या बसला 22 आणि 7 मीटरच्या बसला 20 रुपये मदत देते. समजा 9 मीटरच्या बसचा दर 60 रुपये ठरला. 200 किलोमीटरचे रोज 12,000 रुपये; केंद्राचे 4,400 वजा केले की उरतात 7,600. सरासरी तिकीट 10 रुपये धरले तर त्यासाठी रोज 760 प्रवासी हवेत. दहा किलोमीटरच्या वीस फेऱ्या केल्या तर प्रत्येक फेरीत, दुपारच्या रिकाम्या फेरीतही, 38. जेवढे कमी पडतील तेवढे महापालिकेच्या तिजोरीतून. करारात ठरलेले किमान किलोमीटर शहराने बस पळवली नाही तरी बहुधा काही प्रमाणात द्यावेच लागतात. विजेचे बिल शहराने भरायचे असेल तर किलोमीटरला किती युनिट मान्य, ही मर्यादाही लिहावी लागते. नाहीतर वीज वाचवण्यात कंपनीला रस उरत नाही.

आणि शहराने पैसे थकवले तर? कंपन्यांना ही भीती इतकी वाटते की तिची किंमत त्या दरातच मिळवतात. ती कमी व्हावी म्हणून केंद्राने 11 सप्टेंबर 2024 रोजी 3,435 कोटी रुपयांची देयक-हमीची वेगळी योजना मंजूर केली. उलट बाजूही आहे. मुंबईत बेस्टच्या एका ठेकेदाराने 2022 मध्ये न परवडल्याचे सांगून आपल्या शेकडो लहान बस काढून घेतल्या. त्या विजेच्या नव्हत्या, पण करार याच जातीचा होता. बस आपल्या मालकीची नसते तेव्हा ती निघूनही जाऊ शकते.

हे सारे वर्गात आणायचे तर महागडी साधने लागत नाहीत. शाळेजवळच्या थांब्यावर आठवडाभर, सध्या जी बस धावते तिचीच नोंद मुलांना ठेवू द्यावी : ठरलेली वेळ, आलेली वेळ, उभे प्रवासी, तापमान. एका गटाने बसमधून प्रवास करून दोन थांब्यांमधला वेळ आणि वाटेतले थांबणे मोजावे, म्हणजे सरासरी वेग आणि किलोमीटरमागचे थांबे हे आपल्या हिशेबातले दोन आकडे खरे मिळतील. विजेची बस आल्यावर हीच नोंद मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये पुन्हा करता येईल. जी बस आलीच नाही तिच्यापुढेही ओळ भरायला सांगावी. सरासरी काढताना नेमक्या त्याच ओळी गळतात.